दोन बोटं आडवी

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. आमच्या व्ह्यूअरमध्ये कुठल्या बोटानं काय व्हावं आणि माउसच्या कुठल्या बटणानं काय व्हावं, हे ठरवण्याचं काम मॅनेजरनी आज माझ्याकडे दिलं. आख्ख्या टीममधून माझ्याकडे. माझ्या आधी दोघांना विचारलं होतं, दोघेही नको म्हणाले, असं नंतर कळलं. त्यांना दूरचं दिसत नाही.

व्ह्यूअर म्हणजे दातांचे डॉक्टर ज्यात एक्स-रे बघतात तो प्रोग्रॅम. कॉम्प्युटरवर माउसनं, टॅबवर बोटांनी. हे नीट ठरलं की हजारो डॉक्टरांची बोटं माझ्या म्हणण्याप्रमाणे हलणार. विचार केला की अंगावर काटा येतो.

घरी येऊन मनस्विनीला सांगितलं. "म्हणजे तू बोटं ठरवणार?" म्हणाली. हो म्हटलं. "सरी," म्हणाली, म्हणजे कानडीत 'बरं', आणि कुकर बंद करायला गेली.

३ सप्टेंबर

अनुषा म्हणते, आधी दोन-तीन क्लिनिकमध्ये जाऊन बसू, डॉक्टर काय करतात ते बघू. अनुषा माझ्या शेजारी बसते. कामाला चांगली, पण शंका फार. मी म्हटलं, लहानपणापासून दातांच्या डॉक्टरांकडे जातोय, माझ्या निम्म्या दाढा भरलेल्या आहेत, मला काय दाखवतेस? ती म्हणाली, "तू त्या खुर्चीत आडवा होतास. डोळे मिटून."

उत्तर दिलं नाही. लीडनं प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचं नसतं.

५ सप्टेंबर, संध्याकाळ, मेट्रोत

झालं. सगळं वाटप झालं. माउस: डावं बटण धरून ओढलं की चित्र सरकतं, चाक फिरवलं की लहानमोठं, उजवं बटण धरून ओढलं की उजळ-काळपट. टॅबवर: एक बोट सरकवायला, चिमटीनं मोठं करायला.

आणि माझा मास्टरस्ट्रोक: दोन बोटं आडवी फिरवली की चित्र उलटतं. आरशातल्यासारखं, डावं उजवीकडे. फिल्म उलटी स्कॅन झालेली असली तर सरळ करायला हे लागतं. आतापर्यंत त्याला मेन्यूत खोल एक बटण होतं. बटण! मी ते काढलं.

अनुषा म्हणाली, दातांच्या चित्रात डावं-उजवं ही चेष्टा नाही, हे बोटांवर ठेवू नकोस. बटणच असू दे, वर "नक्की का?" विचारू दे. मी म्हटलं, दोन बोटं चुकून आडवी फिरत नाहीत. फिरवून बघ. तिनं फिरवली नाही.

कोपऱ्यात 'राइट'चं R अक्षर असायचं. उजवी बाजू कुठली ते कळायला. ते चित्राच्या सौंदर्याला बाधा आणत होतं. आता चित्राला हात लावला की ते हळूच विरतं. फार देखणं.

१२ सप्टेंबर

ट्रायलसाठी डॉक्टर मिळाली. शुभदा. मनस्विनीची शाळेपासूनची मैत्रीण, इथेच बसवणगुडीत, गांधी बझारच्या मागे क्लिनिक आहे. दर शनिवारी दोघी ब्यूगल रॉकच्या बागेत फिरायला जातात आणि फिरत नाहीत, बसून बोलतात. मनस्विनीनं शब्द टाकला, शुभदा लगेच तयार झाली.

डेमो सुंदर झाला. ती म्हणाली, "माझ्या हातात ग्लोव्हज असतात, ओले असतात. मला हवं ते मीच ठेवलं आणि नको ते बंद केलं, असं नाही का करता येत?" मी म्हटलं, सेटिंगचा तो स्क्रीन पुढच्या व्हर्जनमध्ये. ग्लोव्हज घालून तिनं बोट फिरवलं तेव्हा चित्र एकदा विचित्र उडालं. मी म्हटलं, हलक्या हातानं. आठवड्यात सवय होईल.

यात काही चुकतंय असं मला वाटलं का? नाही. म्हणजे, तसं नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

घरात गोंधळ. अण्णांचा दात.

अण्णा म्हणजे माझे सासरे रघुनंदन. सगळा रस्ता त्यांना अण्णाच म्हणतो. पलीकडच्या क्रॉसला, म्हणजे गल्लीत, एकटे राहतात. खाली दोन्हीकडच्या दाढांवर कॅप आहेत. आठवडाभर जबडा ठणकत होता, नक्की कुठे ते त्यांना सांगता येईना. शुभदानं एक्स-रे काढला, कॅपखाली कीड दिसली, आज तिनं उजवीकडची कॅप काढून दात उघडला. आत दात धडधाकट. मग डावीकडची कॅप हलवून बघितली तर कीड तिथे होती.

चांगला दात उघडून बसला. आता त्याचंही रूट कॅनल करावं लागणार. अण्णा कापूस दाबून घरी आले आणि पुन्हा कुठल्याही डॉक्टरकडे जाणार नाही म्हणाले. मनस्विनीनं शुभदाला फोन केला. मी स्वयंपाकघरात होतो, तरी सगळं ऐकू आलं. शेवटी म्हणाली, "माझ्या वडलांच्या बाबतीत तरी नीट बघायचंस." आणि ठेवला.

मला वाईट वाटलं. डॉक्टरांकडून असं व्हायला नको.

२५ सप्टेंबर

लिहू की नको? लिहितो. कुणी वाचणार नाही.

अण्णांचा रिपोर्ट आणायला ऑफिसातून येताना क्लिनिकवर गेलो. पेशंट नव्हते. शुभदानं टॅब माझ्यापुढे ठेवला. तिनं त्या दिवसापासून तो उघडलाच नव्हता. म्हणाली, "बघ, कीड इकडेच दिसतेय ना? मला वेड लागलंय का?"

मी बघितलं. चित्र उलटलेलं होतं. R अक्षर नव्हतं. विरलेलं. ओल्या ग्लोव्हजनं एक बोट फिरवलं असेल आणि शेजारचं टेकलं असेल. दोन बोटं. आडवी.

ती हात धुवायला वळली. नळ सोडला. मी टॅबवर दोन बोटं ठेवली आणि चित्र सरळ केलं.

का केलं ते माहीत नाही. बोटांनी केलं.

ती हात पुसत आली. मी म्हटलं, "नाही गं, डावीकडेच दिसतेय." तिनं टॅब हातात घेतला. खूप वेळ बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "अय्यो. मग मीच चुकले."

मी रिपोर्ट घेऊन निघालो. चहा विचारला होता, नको म्हटलं.

२६ सप्टेंबर

शांतपणे विचार केला. डॉक्टरनं तोंडात बघायला नको का? चित्र हे फक्त मदतीला असतं, आमच्या लायसन्समध्ये तसं लिहिलेलंच आहे. शिवाय मी खोटं काहीच बोललो नाही. कीड डावीकडेच होती.

तरीही तिला सांगणार. उद्याच.

२७ सप्टेंबर, शनिवार

मनस्विनी बागेत गेली नाही. गॅलरीत बसून कोथिंबीर निवडत होती, निवडून झालेलीच पुन्हा निवडत होती. हिला असं बघितल्यावर आज विषय काढणं बरं नाही. सोमवारी.

१ ऑक्टोबर, ऑफिस

आयुधपूजा. सगळ्यांच्या माउसला हळदकुंकू, टॅबना झेंडूच्या माळा. दाराशी कोहळा फोडला. अनुषानं माझ्या टॅबवर कुंकू लावलं आणि म्हणाली, "तुझ्या शुभदा डॉक्टरांचा फीडबॅक काय?" म्हटलं, सणावाराचं कामाचं नको. ती म्हणाली, आज तर कामाचाच सण आहे.

ठरलं: दसरा होऊन जाऊ दे. दसऱ्याला वाईट बातमी कोण देतो?

९ ऑक्टोबर

अण्णांना काही चावता येत नाही. डावीकडे कीड, उजवीकडे तात्पुरतं सिमेंट. गोळ्यांवर चाललंय. मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी त्यांच्याकडे रागीची गंजी, म्हणजे नाचणीची पेज, घेऊन जातो. स्वतः करतो. गुठळ्या होत नाहीत आता. संध्याकाळी मऊ पोंगल नाहीतर दहीभात कालवून.

मनस्विनी शेजारच्या अक्कांना सांगत होती, माझा नवरा मुलासारखं करतोय. मुलगासुद्धा करणार नाही. अक्का म्हणाल्या, पुण्य लागतं असा जावई मिळायला.

मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून बसलो.

१७ ऑक्टोबर

एक मोठं पाऊल उचललं! नव्या अपडेटमधून दोन बोटांचं उलटणं काढून टाकलं. बटण परत आणलं. R आता विरत नाही. आता कुणाचंच नुकसान होणार नाही. म्हणजे प्रश्न मुळातूनच सुटला. मागचं उकरून कुणाचं भलं होणार?

अनुषानं विचारलं, का काढलंस? तुला तर फार आवडलं होतं. म्हटलं, यूजर्सचा फीडबॅक. कुठल्या यूजरचा? म्हटलं, जनरल. ती माझ्याकडे बघत राहिली. मी उजवं बटण धरून उगाच ओढत बसलो. स्क्रीन पांढरी झाली.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. दरवर्षी शुभदाकडून चिरोटे येतात. यंदा आले नाहीत. मनस्विनी दोनदा दाराकडे बघून आली. अण्णा म्हणाले, तूच घेऊन जा काहीतरी तिच्याकडे. मनस्विनी म्हणाली, मी का जाऊ?

दोघींमधलं हे भांडण मिटवायला कुणीतरी पुढे यायला हवं. निष्पक्ष माणसानं.

३१ ऑक्टोबर

सगळ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनी माझं नाव घेतलं. म्हणाले, स्वतःचीच आवडती गोष्ट यूजरसाठी काढून टाकायला मन मोठं लागतं. मला स्टेजवर बोलावून चार शब्द बोलायला सांगितलं. मी "यूजरचं ऐका" यावर बोललो. बरं झालं म्हणतात. टाळ्या वाजल्या. अनुषानंही वाजवल्या, पण सगळ्यांचं संपल्यावर, सावकाश.

दुपारी जेवलो नाही. ॲसिडिटी.

७ नोव्हेंबर

मेडिकलच्या दुकानात शुभदा भेटली. पळायला जागा नव्हती. बारीक झालीय. म्हणाली, दोन ठिकाणी डोळे तपासून घेतले, दोघेही म्हणतात नंबर नाही. "मग मला ते उलट कसं दिसलं रे?" मी म्हटलं, थकवा असेल. कुणालाही होतं.

थकवा! माझ्याच तोंडून.

रूट कॅनलचे पेशंट ती आता दुसरीकडे पाठवते. नुसतं साफ करणं आणि गोळ्या देणं, एवढंच करते. म्हणाली, "ड्रिल हातात घेतलं की अण्णांचा चेहरा दिसतो." मग अण्णा कसे आहेत विचारलं. खातात का काही? मी म्हटलं, गंजी. ती म्हणाली, तू करतोस असं कळलं. फार चांगला आहेस.

घरी आलो ते क्रोसिन विसरूनच.

८ नोव्हेंबर

अंतिम निर्णय. सांगायचं. पण नीट, मुद्देसूद. भाषणाचे चार भाग केले: पार्श्वभूमी, तांत्रिक बाजू, माझी भूमिका, पुढची दिशा. "माझी भूमिका" हा भाग अजून रिकामा आहे. बाकी छान जमलंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळ

कडलेकाई परिशे, आपल्या बसवणगुडीची भुईमुगाची जत्रा. रस्ताभर शेंगांचे ढीग. मी, मनस्विनी आणि अण्णा. अण्णांची आजवर एकही परिशे चुकलेली नाही म्हणून आले, पण भाजकी शेंग चावता येईना. उकडलेल्याही गालात धरून बसले. देवळाच्या पायरीवर टेकवलं त्यांना.

तेवढ्यात गर्दीतून शुभदा आली. मनस्विनीनं तोंड फिरवलं. शुभदा सरळ अण्णांपुढे जाऊन वाकली. म्हणाली, "अण्णा, क्लिनिक बंद करतेय. या महिन्याअखेर. कॉलेजात शिकवायची नोकरी बघितलीय. तुम्हाला न सांगता कसं करणार?"

अण्णा म्हणाले, "एका दाताकरता कुणी क्लिनिक बंद करतं का गं?"

ती म्हणाली, "माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही."

माझ्या हातात शेंगांची पिशवी होती. भाषणाचा पहिला भाग आठवला नाही. दुसराही नाही. मी म्हटलं, "तुझे डोळे बरोबर होते. चित्र उलटं होतं. माझ्यामुळे. मी ते सरळ केलं."

पिपाण्यांचा आवाज फार होता. तिला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. पुन्हा सांगावं लागलं, ओरडून. शेजारचा शेंगवालासुद्धा माझ्याकडे बघायला लागला.

शुभदानं एकच विचारलं. "कधी सरळ केलंस? मी हात धुवत होते तेव्हा?"

हो म्हटलं.

"आणि मी म्हटलं मीच चुकले, तेव्हा तू उभा होतास."

हो म्हटलं.

मनस्विनी माझ्याकडे बघत होती. बघायचं थांबली. मग तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, शुभदाचा दंड धरला, आणि दोघी ढिगांमधून खाली निघून गेल्या. वळून बघितलं नाही.

मी अण्णांशेजारी बसलो. ते म्हणाले, "म्हणजे ती गंजी याच्याकरता होय?"

मी मान हलवली.

"उद्यापासून आणू नकोस. मला रागी आवडत नाही."

१८ नोव्हेंबर

एका अर्थानं बघितलं तर दोघी मैत्रिणींना मीच एकत्र आणलं. हे कुणी बोलून दाखवणार नाही, पण घडलं ते घडलं.

मनस्विनी माझ्याशी बोलते. "दूध संपलंय." "गीझर बंद कर." एवढंच. सकाळी तिला म्हटलं, माझी चूक झाली. ती म्हणाली, "चूक तू सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात केलीस. ती मी कधीच सोडून दिली असती." आणि ऑफिसला गेली.

वाक्य लिहून ठेवलंय. त्याला उत्तर शोधतोय.

२० नोव्हेंबर, ऑफिस

मॅनेजरना आणि अनुषाला सगळं सांगितलं. मॅनेजरनी दार लावलं. मग दिवसभर फोन: ट्रायलच्या प्रत्येक क्लिनिकला, त्या काळातला प्रत्येक एक्स-रे पुन्हा बघा म्हणून. अजून कुठे काही झालं नव्हतं. मॅनेजर म्हणाले, शुभदा डॉक्टरांना कंपनीकडून लेखी कळवू, चूक आमची होती म्हणून. मसुदा मी लिहिला. अनुषानं त्यातली "दुर्दैवानं" आणि "काही प्रमाणात" ही दोन्ही खोडली.

वाटप आता अनुषाकडे. ती असा स्क्रीन करतेय की कुठल्या बोटानं काय व्हायचं ते डॉक्टरच ठरवतील, नको ते बंद करतील. मला तिनं एवढंच विचारलं: "अपडेट काढलंस त्या दिवशी मी विचारलं होतं. तेव्हा मला तरी सांगायचंस ना?" रागावली असती तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर

शुभदा क्लिनिक बंद करत नाहीये. मनस्विनी फोनवर अण्णांना सांगत होती, म्हणून कळलं. अण्णांचा डावा दात आज तिनंच केला. अण्णांनीच हट्ट धरला, दुसऱ्याकडे जाणार नाही म्हणाले. मनस्विनी पूर्ण वेळ खुर्चीशेजारी उभी होती. एक्स-रे कागदावर छापून भिंतीला लावला होता म्हणे.

काल शुभदा घरी आली तेव्हा मीही येऊ का, विचारलं होतं. नको म्हणाल्या. दोघीही, एकदमच.

२८ नोव्हेंबर, होसकोटे, बसस्टॉपवर

ऑफिसचा नवा नियम: मी महिनाभर क्लिनिकमध्ये जाऊन बसायचं. काही सुचवायचं नाही, फक्त बघायचं आणि टिपून आणायचं. आजचं पहिलं. डॉक्टर विश्वेश्वर, होसकोटे. नवी वही, दोन पेनं घेऊन गेलो होतो. मनात म्हटलं, आज खरं शिकायचं. संध्याकाळपर्यंत अनुषाला असा रिपोर्ट द्यायचा की तिनं दोनदा वाचावा.

डॉक्टर म्हणाले, "सार, स्वल्प बाजूला. उजेड अडतोय." बाजूला झालो. मग ट्रे अडला. पुन्हा बाजूला. शेवटी खुर्चीच्या पायथ्याशी जागा मिळाली. तिथून स्क्रीन दिसत नव्हती.

खुर्चीत एक म्हातारी होती, ठकुबाई. निपाणीकडची, मुलगा इथल्या कारखान्यात आहे. दाढ काढायची होती आणि ती थरथरत होती. मुलाला पाळी सोडून येता आलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "मराठी येतंय व्हय? मग हात दे की जरा."

दिला. उजवा, पेन होतं तो. पेन खाली पडलं. तिनं अशी पकड धरली की बोटं पांढरी पडली. डॉक्टरांनी सुई टोचली, दाढ हलवली, काढली, टाका घातला. या सगळ्यात त्यांनी माउस कसा धरला, टॅबला किती वेळा हात लावला, कुठलं बोट वापरलं, काही बघितलं नाही. मी तिच्याकडेच बघत होतो. वहीत काहीही नाही.

सगळं झाल्यावर तिनं हात सोडला. गालात कापूस धरून मला नीट निरखलं.

"तू डागदर न्हवंस ना?"

म्हटलं, नाही.

"मग बरं झालं," म्हणाली. "हात धराया तरी गावलास."